जावयाला लाथ कशी मारायची?

सासुरवाडीत मला तहान लागायची सोय नाही. नुसता घसा खाकरला तरी आतून पाणी येतं. खाली ताटली, वर झाकण, आणि आणणारी व्यक्ती दोन पावलं मागे सरकून मी पिऊन संपवेपर्यंत उभी राहते. बरं, आपणच उठून घ्यावं म्हणून स्वयंपाकघराकडे वळलं, की अक्का दारातच आडवी येते, "अय्यो, तुम्ही कशाला? बसा हो!" लग्नाला तीन वर्षं होऊन गेली होती आणि त्या घराचं स्वयंपाकघर मी दारातून दिसेल तेवढंच पाहिलं होतं. फ्रिजचा डावा अर्धा आणि एक कॅलेंडर.

अक्का म्हणजे माझी सासू. घरात सगळेच तिला अक्का आणि सासऱ्यांना अण्णा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. माणसं मराठीच, पण कित्येक पिढ्या बंगळूरात मुरलेली. तुमचे पूर्वज इथे कधी आले असं विचारलं, तर अण्णा "फार मागे" म्हणून हात खांद्यावरून पाठीमागे नेतात. ती वेळ मागच्या गल्लीतच कुठेतरी असावी असं वाटतं. मी पुण्याचा, नोकरीसाठी आलेला, इलेक्ट्रॉनिक सिटीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारा. सासुरवाडी येलहंक्याला, म्हणजे शहराच्या बरोबर दुसऱ्या टोकाला. एवढ्या वेळात निम्मं पुणं गाठलं असतं, असं मी दर रविवारी वाटेत म्हणतो आणि बायको दर रविवारी खिडकीबाहेर बघते.

अण्णांचं बंगळूरच्या शिवाजीनगरात शिवणकामाचं दुकान होतं. शाळांचे गणवेश, बँडवाल्यांचे सोनेरी गोंड्यांचे कोट. आता दुकान बंद केलं आहे, पण पायानं चालवायचं जुनं मशीन घरी आणून खिडकीपाशी ठेवलं आहे. माझ्यासाठी त्यांचे तीन प्रश्न ठरलेले असत. रोड कसा होता? आई बरी आहेत? पुण्यात थंडी पडली काय? हे थंडीचं ते मे महिन्यातही विचारायचे. तिन्ही उत्तरं देऊन झाली की आम्ही दोघं पंख्याकडे बघत बसायचो.

एका रविवारी मला त्या पंख्याचा कंटाळा आला आणि मी खिशातून मोबाईल काढून मारामारीची गेम लावली.

या गेममध्ये मी लहानपणापासूनचा. आमच्या शाळेमागे एका खोलीत नाणं टाकून चालणारी मशिनं होती. त्यांना लोखंडी दांडा आणि चांगली जाडजूड बटणं. दांडा खालून पुढे गर्रकन फिरवून ठोसा दाबला, की आपल्या माणसाच्या हातातून आगीचा गोळा सुटायचा. आता तोच सगळा प्रकार मोबाईलच्या काचेवर आला आहे. डाव्या कोपऱ्यात दांड्याचं चित्र, उजव्या कोपऱ्यात बटणांची चित्रं. चित्रंच ती, अंगठ्याला काही लागत नाही, त्यामुळे अंगठा आपला भरकटत कुठेही जातो. मी लाथ दाबावी आणि माझ्या पैलवानानं जागच्या जागी उडी मारावी. मी गोळा सोडायला जावं आणि त्यानं जमिनीवर काही सांडल्यासारखं खाली बसावं. घामानं अंगठे घसरतात म्हणून कॅरमची पावडर लावून पाहिली, तर मोबाईल पिठाच्या डब्यातून काढल्यासारखा दिसायला लागला. त्यात मी रागीट. हरलो की मोबाईल आपटतो. सोफ्यावरच आपटतो, एवढी अक्कल रागातही शाबूत असते.

अण्णा माझ्या शेजारी येऊन वाकले. "हे काय आहे?"

"गेम आहे, अण्णा. मारामारीची."

"भांडण कशावरून?"

"कशावरून नाही. असंच."

त्यांनी चष्मा लावला आणि बराच वेळ पाहिलं. पडद्यावर माझ्या पैलवानासमोर एक लांब वेणीची बाई होती, वेणीच्याच फटक्यांनी मारणारी. मला वाटलं, आता हे नापसंती दाखवणार. अण्णा म्हणाले, "त्या बाईची बाही बघा. हात एवढा वर जातो, तरी काखेत ओढत नाही. फार चांगलं शिवलंय."

त्याच दुपारी मी त्यांच्या टॅब्लेटवर गेम घालून दिली. खातंही मीच उघडून दिलं. अण्णांनी ती वेणीवाली बाई निवडली आणि पुन्हा कधी बदलली नाही. खेळायची त्यांची पद्धतही स्वतःची. टॅब्लेट हातात धरायचा नाही. शिलाई मशीनच्या फळीवर आडवा ठेवायचा, समोर स्टुलावर ताठ बसायचं आणि दोन्ही हातांच्या तर्जनींनी टोचायचं. मशीनचा पट्टा काढलेला होता, तरी डाव रंगात आला की त्यांचे पाय आपोआप पायडल मारायला लागायचे. खटखट, खटखट. अक्का फोनवर माझ्या बायकोकडे तक्रार करायची, "दिवसभर मशीन चालतंय, पण एक उशीचा अभ्रा शिवून झाला नाही बघ."

पुढच्या रविवारपासून आम्ही दोघं एकमेकांविरुद्ध खेळायला लागलो. ते मशीनवर, मी समोर खुर्चीत. मी जिंकलो. पुन्हा जिंकलो. त्यानंतरच्या रविवारीही जिंकलो. काचेवर भरकटणारे माझे अंगठे एकदम सरळ झाले की काय, असं मला वाटायला लागलं. माझा ठोसा बसला की अण्णा म्हणायचे, "वा जावईबापू, काय हात आहे!" ऑफिसात मी ही गोष्ट जरा वाढवूनच सांगितली. त्यात माझा प्रतिस्पर्धी सत्तरी ओलांडलेला गृहस्थ आहे, हा तपशील मी गाळला.

मग त्या टोप्या आल्या.

माझे अंगठे घामानं घसरतात हे अण्णांनी पाहिलं होतं. एका रविवारी त्यांनी माझ्यासमोर दोन छोट्या टोप्या ठेवल्या, अंगठ्यात घालायच्या. मरून साटीनच्या, आतून अस्तर, कडेला बारीक हातशिलाई. इतक्या सुबक, की एखाद्या बाहुलीच्या लग्नात फेटे म्हणून चालल्या असत्या. मी हरखून दोन्ही अंगठ्यांत चढवल्या आणि डाव सुरू केला.

आता, काचेला बोटाची कातडी कळते, साटीन कळत नाही. मी दांडा ओढतोय, लाथ दाबतोय, ठोसे दाबतोय, आणि माझा पैलवान खांबासारखा उभा. टोप्या काढाव्यात, तर त्यांनी एवढ्या प्रेमानं शिवलेल्या. मी तसाच दाबत राहिलो. डाव एका उंच इमारतीच्या गच्चीवर होता आणि गच्चीला कठडा नव्हता. समोरची वेणीवाली बाई क्षणभर थांबली. मग ती हळूहळू मागे सरकायला लागली. एक पाऊल, आणखी एक पाऊल. गच्चीच्या कडेशी पोचली आणि माझं बोटही न लागता खाली गेली.

"वा जावईबापू!" अण्णा म्हणाले. "काय जोर!"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की माझ्याशी खेळताना मशीनचा आवाज कधीच येत नाही. त्यांचे पाय जमिनीवर गप्प असतात.

जेवण झाल्यावर मी आतल्या खोलीत आडवा झालो आणि झोपेचं सोंग घेऊन कान लावला. बाहेर अण्णा एकटे, गेमशीच खेळत होते, सगळ्यात अवघड पातळीवर. मशीन असं खडखडत होतं, की खिडकीची तावदानं वाजत होती. मधूनच कन्नडमध्ये ललकारी, "बा ले मगने, बा!" म्हणजे ये रे लेका, ये. एवढ्या प्रेमानं हा माणूस माझ्याशी कधी बोलला नव्हता. मला भयंकर राग आला.

परतीच्या वाटेवर मी बायकोला म्हणालो, "तुझे वडील मुद्दाम हरतात."

"मग?" ती म्हणाली. "आमच्यात जावयावर कोणी हात उचलत नाही."

"अगं, गेममध्ये!"

"मी विचारलं होतं त्यांना. म्हणाले, ज्याचे पाय धुतले त्याच्या तोंडावर लाथ कशी मारू?"

लग्नात त्यांनी खरंच माझे पाय धुतले होते, तांब्याच्या तबकात, मान खाली घालून. मला तेव्हा गुदगुल्या झाल्या होत्या आणि मी हसू दाबत होतो. त्या तबकाचा असा परिणाम होईल हे मला कुठं माहीत? मी हसत सुटलो, पण एक्स्प्रेसवेवर चढेपर्यंत ते हसू विरून गेलं. मी कॉलेजात असताना माझे वडील गेले. ते असेपर्यंत रोज आमचा कॅरमचा डाव असायचा आणि ते मला रोज हरवायचे, अगदी बिनदिक्कत, वर चिडवायचे. हरणाऱ्यानं पाणी आणायचं, असा नियम होता. पाणी मीच आणायचो. बापाशी नातं म्हणजे काय, तर मला एवढंच ठाऊक होतं. आणि इथे दुसरा बाप मिळाला होता, तर तो मला तबकात बसवून ठेवत होता. मला पाहुणा होऊन राहायचं नव्हतं. अण्णांनी मला एकदा तरी मनापासून बदडावं, एवढीच माझी इच्छा होती.

पुढच्या रविवारी मी ठरवून काहीच केलं नाही. पैलवान उभा ठेवला आणि वाट पाहत बसलो. अण्णांनीही बाई उभी ठेवली. गच्चीवर वारा सुटला होता, वेणी हलत होती, वरच्या बाजूला वेळ संपत चालली होती. अक्का ताक घेऊन आली, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हे दोघं बस यायची वाट बघतात काय?" वेळ संपली, डाव बरोबरीत सुटला आणि अण्णांनी माझं अभिनंदन केलं.

मग मी वाकड्या वाटेला लागलो. गेममध्ये दुसरं खातं उघडलं. नाव गेमनंच दिलेलं, "खेळाडू" आणि पुढे नुसते आकडे. अण्णांचं खातं मला माहीतच होतं. सोमवारी संध्याकाळी कंपनीच्या बसमधून त्यांना आव्हान धाडलं. अण्णा कुणाचंही आव्हान घेतात.

डाव सुरू झाला आणि वेणीचा पहिला फटका माझ्या पैलवानाच्या कानाखाली बसला. काय सांगू, किती बरं वाटलं! दुसऱ्या फटक्याला तो आडवा, उठतोय तोवर लाथ, आणि थेट गच्चीवरून खाली. मी बसमध्ये मोठ्यानं हसलो. शेजारचा सहकारी म्हणाला, "जीत गए क्या?" मी म्हणालो, "नहीं यार, बहुत मार पडा."

रोज संध्याकाळी मी मार खायला जाऊ लागलो. आणि त्या रविवारी आक्रीत घडलं. तीन प्रश्न झाल्यावर अण्णांनी चौथा विषय काढला.

"एक गाढव आहे," ते म्हणाले. "रोज संध्याकाळी येतो. मार खातो, जातो. दुसऱ्या दिवशी परत हजर."

"नवीन असेल बिचारा," मी म्हणालो.

"नवीन कसला? त्याला एकच येतं. पुढे यायचं आणि उडी मारायची. चिडला की सगळी बटणं एकदम दाबतो."

"ते तुम्हाला कसं कळतं?"

"पैलवान अंगात आल्यासारखा करतो ना!"

अण्णा हसत होते, हातवारे करून दाखवत होते. तासभर आम्ही त्या गाढवाबद्दल बोललो. मी त्याची बाजू घेतली, तर म्हणाले, "तुम्ही भोळे आहात, जावईबापू. त्याला लाज नाही." मला एकाच वेळी इतका आनंद आणि इतका संताप कधी झाला नव्हता. घरी जाऊन मी उडी न मारण्याचा सराव केला.

असं काही आठवडे चाललं. पण मोबाईलवरच्या मारामारीत एक खोट आहे. मोबाईल शेवटी फोन असतो. शाळेमागच्या त्या मशीनवर कधी कुणाच्या सासूचा फोन आला नाही.

अक्का दर शनिवारी संध्याकाळी मला फोन करते. जावयाला विचारल्याशिवाय रविवारचा स्वयंपाक ठरत नाही. एका शनिवारी मी डाव मांडून बसलो होतो, तेवढ्यात पडद्यावर तिचा फोन आला. सासूचा फोन न घेऊन सांगता कुणाला? घेतला. तेवढ्या वेळात पैलवान गच्चीवर पुतळा झाला.

"उद्या हुळी करू की आमटी?" हुळी म्हणजे इकडचं सांबार.

"आमटी, अक्का."

परत आलो, तर वेणीवाली बाई हात उगारून तशीच थांबलेली. मारलं नव्हतं. मला वाटलं, टॅब्लेट अडकला. मी पैलवान पुढे नेला, तोच फोन पुन्हा वाजला.

"आणि कोशिंबीर कशाची?" आजवर तिनं कोशिंबिरीसाठी वेगळा फोन केला नव्हता.

"काकडीची."

परत आलो. बाई माझ्याकडे तोंड करून उभी होती. मग ती हळूहळू मागे सरकायला लागली. एक पाऊल, आणखी एक पाऊल. गच्चीच्या कडेशी पोचली आणि आपण होऊन खाली गेली.

अण्णांच्या बाजूनं हे कसं दिसलं असेल ते मला उमगलं. अक्का फोन लावते, तर गाढव थांबतं. ती फोन ठेवते, तर गाढव चालायला लागतं. अण्णा तिच्या शेजारीच बसलेले. दुसरा फोन त्यांनीच मुद्दाम करायला लावला होता, हे बायकोनं नंतर सांगितलं.

रविवारी जाताना मी वाटेत एकदाही पुण्याचं नाव काढलं नाही. घरात शिरलो, तर शिलाई मशीन झाकून ठेवलेलं. टॅब्लेट पिवळ्या कापडात गुंडाळून कपाटावर. अण्णा पांढरा सदरा घालून उभे होते आणि त्यांच्या हातात ताट होतं. नारळ, विड्याची पानं आणि शर्टाचं कापड.

"चुकलो," ते म्हणाले. "तुम्हाला रोज तुडवला. वर गाढव म्हणालो. हे घ्या आणि मनात ठेवू नका."

मग मात्र माझं डोकं फिरलं. "मला नारळ नको, अण्णा!" मी जवळजवळ ओरडलोच. "मीच येत होतो ना मार खायला? रोज, आपल्या पायांनी? तीन वर्षं तुम्ही मला फुलासारखं ठेवलंय आणि मला त्याचा कंटाळा आलाय. माझे वडील मला रोज हरवायचे. हरवून वर पाणी आणायला लावायचे. तुमच्या घरात मला कुणी उठूसुद्धा देत नाही. त्या गाढवाशी तुम्ही जितकं बोललात, तितकं माझ्याशी एकदा तरी बोललात का?"

बायको चपला काढता काढता एका पायावर थांबली होती.

अण्णांनी ताट टीपॉयवर ठेवलं आणि खुर्चीत बसले. "वडील काय खेळायचे?" त्यांनी विचारलं.

"कॅरम."

"चांगले खेळायचे?"

"फार. आणि फार चिडवायचे."

अण्णांनी ताटातला नारळ उगाच सरळ केला. मग अक्कानंच स्टूल ओढलं, कपाटावरून टॅब्लेट काढला आणि मशीनवरचं झाकण बाजूला केलं. "खेळा हो," ती म्हणाली. "नारळाची मी चटणी करते."

अण्णांनी हात धुतले, धोतराला पुसले. टॅब्लेट फळीवर ठेवून त्याला नमस्कार केला. माझ्याकडे पाहिलं. "नक्की?"

"नक्की."

गच्ची आली. पैलवान आला, बाई आली. मी पुढे गेलो आणि ठोसा मारला. तिनं खाल्ला. दुसरा मारला. तोही खाल्ला. अण्णांचे पाय जमिनीवरच होते आणि मला वाटलं, संपलं, आता ही पुन्हा कडेकडे चालायला लागणार. मग खालून एकदाच आवाज आला, खट. आणि वेणी माझ्या पैलवानाच्या थोबाडावर बसली.

अण्णा दचकले आणि मला काही लागलंय का, म्हणून चष्म्यावरून बघितलं. मी हसत होतो. खटखट, खटखट. पुढचं मला नीट दिसलंच नाही. वेणी, लाथ, वेणी. मी उडी मारली, तर हवेतच धरला. मी चिडून सगळी बटणं दाबली. "बा ले मगने!" अण्णा गरजले. "उड्या काय मारतोस, गाढवा! स्वल्प खाली राहून मार!" मशीन खडखडत होतं, तावदानं वाजत होती, आणि माझा पैलवान गच्चीवरून खाली जाताना मला फार फार बरं वाटलं.

मी मोबाईल सोफ्यावर आपटला.

अण्णांनी धोतराच्या सोग्यानं कपाळ पुसलं. दुसरा डाव लावायला बोट पुढे नेलं आणि पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "जा. पाणी घेऊन ये."

"अय्यो!" अक्का ताडकन उठली. "जावयाला पाण्याला पाठवता?"

"तू बस. हरलाय तो. आणेल."

मी उठलो आणि स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला. फ्रिजचा उजवा अर्धा पाहिला. त्याच्यापलीकडे खिडकी होती, खिडकीत कढीपत्त्याची कुंडी. भांडी कुठे असतात ते मला माहीत नव्हतं. एक कपाट उघडलं, त्यात डाळी. दुसऱ्यात पापडाचे डबे. "डावीकडे, खाली," बाहेरून अक्का नाराजीनं म्हणाली. बाहेर पायडल पुन्हा सुरू झालं होतं.

"लवकर रे!" अण्णांनी हाक मारली.

मी दोन भांडी भरली. तहान मलाही लागली होती.